आपण आणि आम्ही

लष्कर, ग्वाल्हेर येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी आज नुसतं 'बाई' म्हणणार आहे. स्वतःचं नाव फलकावर आलेलं त्यांना आवडत नसे. आम्हा मुलांना तर बाईंना 'बाई'शिवाय दुसरं काही नाव असेल हे दहा-बारा वर्षांच्या होईतो सुचलंही नव्हतं. १९६६-६७ची गोष्ट. दौलतगंजातल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस मुलं जमत असू. फी नाही, हजेरी नाही, बाराखडीचा तक्ता नाही. घरून एक कोरं पोस्टकार्ड आणायचं आणि महाराष्ट्रातल्या कुणातरी नातेवाइकाला तिथं बसून लिहायचं, एवढंच. काय लिहायचं ते बाई सांगत नसत. अट एकच होती, पत्रात एक तरी प्रश्न पाहिजे. "प्रश्न विचारला नाहीस तर उत्तर कशाला येईल?" असं म्हणून कार्ड परत देत.

मी साताऱ्याच्या आत्याला विचारलं, मांजरीला पिल्लं किती झाली? आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं, चार झाली, एक बोक्यानं नेलं. पुढच्या रविवारी मी विचारलं, बोका कुणाचा? हा पत्रव्यवहार दोन-अडीच वर्षं चालला, त्यात मांजरीच्या तीन पिढ्या झाल्या. माझं मराठी लिहिणं जे काही झालं ते त्या मांजरीच्या पुण्याईनं. पुढं मी चौतीस वर्षं शाळेत हिंदी शिकवली. म्हणजे आज तुम्ही मराठीवर बोलायला एका हिंदीच्या मास्तरणीला उभं केलं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

कार्यकर्त्यांनी विषय दिला तो 'परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी कशी शिकवावी' असा. विषय चांगला आहे. इथल्या निम्म्या घरांतली मुलं बाहेर आहेत. पण विषय वाचताना मला हसू आलं. आपण जिथं बसलो आहोत ते तरी काय आहे? १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला. तळ म्हणजे आज आहे, उद्या उठायचा. तो उठलाच नाही. तंबूंची घरं झाली, घरांचे वाडे झाले आणि गावाला नाव राहिलं लष्कर. आपण त्या तळावरची माणसं आहोत. दोनशे वर्षं आपली मुलं परमुलखातच मराठी शिकत आली आहेत. त्यामुळं न्यू जर्सीच्या आईला सांगण्यासारखं आपल्याजवळ काही असायला हवं. आहे का, ते बघू.

गेल्या डिसेंबरात माझी मुलगी तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन अमेरिकेहून आली होती. मुलाचा मुलगा, दहा वर्षांचा, इथंच आमच्याजवळ असतो. थंडी तुम्हाला ठाऊकच आहे, दुपारी बारापर्यंत धुकं. बाहेर जायची सोय नाही म्हणून मी पत्ते काढले. बदाम सात. यांना धरून आम्ही चौघं. पहिल्याच डावात नातू म्हणाला, "मेरे पास हुकुम की सत्ती है." नातीनं इंग्रजीत विचारलं, हुकुम म्हणजे काय? तो म्हणाला, स्पेड. त्यावर ती एकदम, "ओह, इस्पिक!"

मी पानं खाली ठेवली. ग्वाल्हेरात, मराठी घरात वाढलेल्या पोराला इस्पिक माहीत नव्हतं, आणि अटलांटिकपलीकडच्या पोरीला ठाऊक होतं. कारण साधं आहे. तिच्या आईनं तिला पत्ते मराठीत शिकवले. इथलं पोर ते गल्लीत शिकलं. मी तिथल्या तिथं नियम केला, पानाचं नाव मराठीत घेतलं तरच पान लागेल. नातवाच्या दोन पाळ्या गेल्या. तिसऱ्या वेळी त्यानं घर दणाणून सोडलं, "इस्पिकची सत्ती!" मग किलवर, चौकट, दश्शी, गुलाम सगळं अर्ध्या तासात तोंडात बसलं. पुढं नातीनं बदामची अठ्ठी दाबून ठेवल्याचा संशय आला आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "तू दाबून ठेवला!" "नाही ठेवली!" "ठेवला!" अठ्ठीचं लिंग बिघडलं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. दोन भावंडं, जी तोवर एकमेकांशी इंग्रजीत बोलत होती, ती मराठीत भांडत होती. भांडणाच्या मध्ये व्याकरण सुधारणारा माणूस भाषेचाही शत्रू असतो आणि मुलांचाही.

डाव संपला. नातू म्हणाला, "आजी, आम्ही अजून एक डाव खेळू या?"

"खेळा की. मी उठते," मी म्हटलं.

"नहीं नहीं, तुम भी!"

"मग 'आम्ही' कसं म्हणालास?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. नातीला माझं म्हणणं लक्षात आलं असावं, तिनं तोडगा काढला, "आम्ही सगळे, विथ यू, तुझ्याबरोबर."

मित्रहो, मला आज बोलायचं आहे ते खरं म्हणजे या एका गोष्टीवर. मराठीत दोन 'हम' आहेत. ऐकणाऱ्याला सोडून बोलायचं तर आम्ही, त्याला धरून बोलायचं तर आपण. शाळेतल्या हिंदीत दोन्हीला एकच हम. इंग्रजीतही एकच. त्यामुळं आपल्या मुलांच्या तोंडून हा भेद सगळ्यात आधी गळतो, आणि गळला हे कळतही नाही, कारण वाक्य चुकल्यासारखं ऐकू येत नाही. फक्त आजी बाहेर राहते.

मुरारला आमच्या शेजारी केरळच्या एक सिस्टर राहत असत, इस्पितळातल्या. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्यांच्याशी हे बोलणं निघालं तर त्या म्हणाल्या, "मॅडम, हमारे में भी दो हम हैं." मल्याळममध्ये ऐकणाऱ्याला वगळणारा 'ञङ्ङळ' आणि धरून घेणारा 'नम्मळ'. त्यांनी तो पहिला शब्द मला चार वेळा म्हणायला लावला, चारही वेळा हसल्या. आता त्यांची नातवंडं आखातात आहेत. तिथं त्यांच्यासाठी केरळ सरकारच्या मलयाळम मिशनचा वर्ग आहे. हे मिशन २००९ साली सुरू झालं. केरळाबाहेर, भारतात आणि परदेशात, मल्याळी मुलं जिथं असतील तिथं वर्ग काढायचे असं त्याचं काम. त्यांच्या चार पायऱ्यांना फुलांची नावं आहेत. पहिली कणिक्कोन्ना, म्हणजे आपला बहावा. मग सूर्यकांती, म्हणजे सूर्यफूल. मग आंबल, पाण्यातलं कुमुद. आणि शेवटची नीलकुरिंजी, जी बारा वर्षांनी एकदा फुलते. ज्यानं ही नावं ठेवली त्याला भाषा किती दिवसांनी फुलते याचा अंदाज असावा. आपल्याकडे असल्या परीक्षांना प्रवेश, परिचय, प्रवीण अशी नावं असतात. ती कुठल्याही विषयाला लागतात, टंकलेखनालासुद्धा.

आणि तरी सिस्टर म्हणाल्या, "वर्गात 'नम्मळ' लिहितो, घरी येऊन मला 'वी' म्हणतो." त्यांचंही दुखणं तेच.

उत्तर अमेरिकेतली आपली मंडळीही कमी नाहीत. तिथलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं, आणि मंडळाच्या मराठी शाळा भारती विद्यापीठाच्या सहकार्यानं अभ्यासक्रम चालवतात, परीक्षा घेतात. माझी नात त्यातलीच. ती मला वाचून दाखवते, शुद्ध, थोडी थांबत थांबत, जसं एखादं मूल नव्या बुटात चालावं. इथल्या नातवानं मराठीची परीक्षा कधी दिली नाही, देणारही नाही. पण त्याला मी स्वयंपाकघरातून काहीही ओरडले तरी कळतं, टोमणासुद्धा. नातीला टोमणा कळत नाही. ती म्हणते, "आजी, तू रागावलीस की गंमत?" आता यातलं कुणाला मराठी 'येते'?

मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या, म्हणून सांगते, 'येते' हा शब्द फसवा आहे. कळणं एक, बोलणं दुसरं. आपल्याकडे ग्वाल्हेरात कळणारी मुलं खूप आणि बोलणारी कमी. कळतं, कारण घरात मराठी चालू असते. बोलत नाहीत, कारण बोलावं लागत नाही. पोरगं हिंदीत विचारतं, आई मराठीत उत्तर देते, गाडी कुठंही अडत नाही. अडल्याशिवाय जीभ वळत नाही.

इथं मला परदेश आणि ग्वाल्हेर यांतला फरक दिसतो, आणि तो आपल्या समजुतीच्या अगदी उलटा आहे. आपल्याला वाटतं, अमेरिकेत मराठी टिकणं अवघड, इथं सोपं. मी म्हणते, इथंच जास्त अवघड. इंग्रजी ही भिंत आहे. साताऱ्याच्या आत्याला इंग्रजी येत नाही. फोनवर तिच्याशी बोलायचं तर पोरीला भिंतीवरून पलीकडे जावंच लागतं. हिंदी हा उतार आहे. मला, यांना, कामवालीला, रिक्षावाल्याला, देवळातल्या गुरुजींना, सगळ्यांना हिंदी येते. मग पोरगं मराठीचा चढ कशाला चढेल? तंजावरची घरं बघा. व्यंकोजीराजे १६७०च्या दशकात तिकडे गेले. १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांची बखर मराठीत कोरली गेली. आणि आजही तिथल्या काही घरांत तमिळमिश्रित मराठी बोलली जाते, शाळेत एक अक्षर न शिकता. तमिळ ही भिंत होती. तीसुद्धा कायम पुरत नाही म्हणा. इस्रायलमधल्या बेने इस्रायल मंडळींनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, पण नातवंडं हिब्रूच बोलतात. भिंत थोपवते, राखत नाही.

उतारावरून काय काय घरंगळतं ते बघायला लांब जायला नको. इथून बाहेर पडून फालका बाजारात जा. फाळके सरदारांचा बाजार तो. ळ गेला, फालका राहिला. शितोळे साहेबांची गोठ झाली 'सीतोले साहब की गोठ'. शिंदे घराणं झालं सिंधिया, आणि गंमत अशी की शिंदे की छावनी मात्र शिंदेच राहिली. टेंपोवाल्यांनी जे जपलं ते राजवाड्यानं जपलं नाही. माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली निघालं, त्याच्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते राजाभैया पूछवाले मूळचे अष्टेकर. आडनावाचं एवढं काही नाही, नावं बदलतात. पण ळ हा आवाज पोराच्या तोंडातून गेला की बाळाचा बाल होतो, डोळ्याचा डोला आणि केळीची केली. सिस्टरांचंही तसंच, त्यांच्या भाषेच्या नावातच शेवटून दुसरं अक्षर ळ, आणि नातवंडं म्हणतात मलयालम.

आपण म्हणतो, आपल्याला लिपीचा फायदा आहे. आहेच. नातीला देवनागरी शिकायला दोन वर्षं लागली, नातवाला ती शाळेतून फुकट मिळाली. तो मराठी वर्तमानपत्र उचलून वाचू शकतो. पण तो ते हिंदीच्या तोंडानं वाचतो. ज्ञानेश्वर त्याच्या तोंडी ग्यानेश्वर होतात. आणि चमच्यातला, चुलीतला, चोरातला तो दातांमागचा च. जावयातला, जुन्यातला ज. हे तर कागदावर दिसतच नाहीत. चमचा आणि चिमणी, दोन्हींचा च एकसारखाच छापतात. छपाई काही सांगत नाही, कान सांगतो. म्हणून मी पालकांना म्हणते, लिपी येते म्हणून निर्धास्त राहू नका. पोराला आधी मोठ्यानं वाचून दाखवा, मग हातात पुस्तक द्या.

मला माहीत आहे, काही मंडळींच्या मनात आत्ता एक प्रश्न आला असेल, की गेलं तर गेलं, हिंदी काय परकी आहे? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. माझी भाकरी हिंदीनं दिली. आणि या मातीचा इतिहासही तसाच आहे. १९४३ साली अज्ञेयांनी 'तार सप्तक' काढलं, हिंदीतल्या नव्या कवितेचा तो दरवाजा. त्यातल्या सात कवींपैकी दोघं मराठी घरातले, दोघंही ग्वाल्हेर संस्थानात जन्मलेले, दोघंही १९१७ सालचे: श्योपूरचे गजानन माधव मुक्तिबोध आणि याच गावातले प्रभाकर माचवे. मुक्तिबोध हिंदीत राहिले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहू लागले. मराठी नवकवितेत त्यांचं नाव झालं, आणि १९७९ साली 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या पुस्तकाला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. एक घर, एक आई-बाप, बदलीची तीच गावं. एकाला हिंदी सापडली, एकाला मराठी. वर्गात मी मुक्तिबोध शिकवायची तेव्हा मुलं विचारायची, "मॅडम, ये तो मराठी थे ना?" मी म्हणायची, थे. पुढं काय सांगायचं ते मला कधी नीट सुचलं नाही. आज एवढं म्हणते, ज्या घरात दोन्ही वाटा खुल्या होत्या त्या घरातून हे दोघं निघाले. एक वाट बंद करून हिंदीला दुसरा मुक्तिबोध मिळेल असं मला वाटत नाही.

आणि याच गावात भा. रा. तांबे राहिले, १९४१ साली इथंच गेले. त्यांच्या कविता महाराष्ट्रानं तोंडपाठ केल्या, त्या ग्वाल्हेर-माळव्याकडून तिकडं गेलेल्या. मराठी साहित्य संमेलनाला पहिली बाई अध्यक्ष मिळाली ती १९६१ साली, आणि ते संमेलन भरलं कुठं? इथं, ग्वाल्हेरात. कुसुमावती देशपांडे. मी तेव्हा चार वर्षांची. मला फक्त आठवतं की घरात पाहुणे इतके होते की आम्हा मुलांना माडीवर एका गादीवर पाच-पाच जणांना आडवं झोपवलं होतं.

पण हे सगळं सांगताना मला भीती वाटते ती आपल्या आवडत्या चुकीची, म्हणजे गौरवाची. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे मीही वाटले. पेढे संपले. २७ फेब्रुवारीला आपल्याकडे कार्यक्रम होतो, एखादं पोर फेटा बांधून व्यासपीठावर येतं, पाठ केलेलं भाषण न अडखळता म्हणतं, टाळ्या होतात, आणि खाली उतरल्यावर आईला विचारतं, "मम्मी, मैंने ठीक बोला?" आईही म्हणते, "बहुत अच्छा!" आपण भाषेला फेटा बांधतो आणि कामाला मात्र दुसरीला लावतो. या गावात एके काळी मराठीला काम होतं: दप्तरात मोडी होती, देणं-घेणं होतं, सोयरीक होती, मठात कीर्तन होतं. काम होतं तोवर तिची काळजी कुणी केली नाही, करावी लागली नाही.

२०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात बारा लाखांवर माणसांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली. त्यातली बरीचशी बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा या सातपुड्याच्या पट्ट्यातली, जिथं मराठी शेजारच्या गावाची भाषा आहे. आपल्या घरी गणनेवाला आला तेव्हा आपणही सांगितलं असेल, मराठी. पण पोरानं त्याला हिंदीत पाणी विचारलं असेल.

जोशुआ फिशमन नावाचे एक अभ्यासक होते, त्यांनी १९९१ साली घसरणाऱ्या भाषांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. शाळा, वर्तमानपत्रं, सरकारी मान्यता हे सगळं नंतरचं, आधी घरात एका पिढीकडून दुसरीकडे भाषा गेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, पण अर्धंच. रविवारची शाळा म्हणजे आठवड्याचे दोन तास. मूल जागं असतं शंभरेक तास. तेव्हा शाळा एकटी पुरणार नाही, हे उघड आहे. पण आपलं घरही एकटं पुरत नाही, कारण आपलं घर हिंदी बोलतं. घरात मराठीला एखादं काम नेमून द्यावं लागतं. आमच्याकडे दुधाचा हिशेब आता नातू ठेवतो, भिंतीवरच्या कालनिर्णयावर. "आज दूध नाही आला." मी 'आलं' करत नाही, दूधवाला पैसे मागायला आला की हा वाचून दाखवतो, आणि वाचताना एखाद्या दिवशी आपणहून 'आलं' म्हणतो. साताऱ्याच्या आत्या आता नव्वदीच्या पुढं आहेत, कार्ड लिहिता येत नाही. नातू त्यांना फोनवर आवाज भरून पाठवतो. अट बाईंचीच: एक प्रश्न पाहिजे.

आता एक तक्रार करते. बरीच वर्षं झाली, पुण्याला एका लग्नात माझा मुलगा, तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, पंक्तीत म्हणाला, "मी जाऊन राहिलो ना." सगळी पंगत हसली. कुणी वाईट नव्हतं, हसणं प्रेमाचंच होतं. पण त्या दिवसापासून पुण्यात तो मराठी बोलला नाही. हिंदीत किंवा इंग्रजीत बोलला, आणि मग तेच लोक म्हणाले, काय, मराठी विसरला वाटतं! 'जाऊन राहिलो' हे नागपूरकडे बोलतात, इंदुरात बोलतात, आपण बोलतो. 'मला जाणं आहे', 'मला चांगलं लागतं', हेही आपलंच. ही ग्वाल्हेरची मराठी आहे आणि मी ती बोलते. पोराच्या तोंडातली ही मराठी खोडून तिथं पुण्याची बसवायला गेलात तर दोन्ही जातील. परदेशात असणाऱ्या आई-बापांनाही मी हेच सांगते. मुलाचं अर्धं वाक्य इंग्रजी असू द्या, क्रियापद मराठीत आलं तरी आज पुरे.

तुम्ही म्हणाल, मग 'आपण' आणि 'आम्ही'वर एवढा हट्ट का? तो हट्ट मी सोडणार नाही. 'जाऊन राहिलो' म्हटल्यानं काही कमी होत नाही. 'आपण' गेला तर आजीला खेळात घ्यायचा शब्दच जातो.

त्या दिवशी मग मी काय केलं ते सांगते. नातवाला समजावून बघितलं, जमलं नाही. ऐकणाऱ्याला धरून, ऐकणाऱ्याला सोडून; दहा वर्षांच्या पोराला असलं काही सांगायचं म्हणजे भिंतीशी बोलणं. तेवढ्यात खालून त्याचा मित्र ओरडला, "अपन चलें क्या?" आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. 'अपन'! आपल्या गल्लीतल्या हिंदीत तो भेद आहे की. मित्राला बरोबर घेऊन जायचं तर पोरं 'हम' म्हणत नाहीत, 'अपन' म्हणतात. मी म्हटलं, "अरे, जिथं तू अपन म्हणतोस ना, तिथं मराठीत आपण."

तो म्हणाला, "बस? इतना ही?"

इतकंच. आणि मित्रहो, कबुली द्यायची तर आता देते. चौतीस वर्षं हिंदीच्या वह्या तपासताना मुलांनी निबंधात 'अपन' लिहिलं की मी लाल शाईनं कापून वर 'हम' लिहीत आले. किती मराठी पोरांच्या वह्या असतील त्यात. ज्या फळीवरून ती इकडून तिकडे येऊ शकली असती ती मी हातानं काढत होते, आणि संध्याकाळी महाराष्ट्र मंडळात बसून मुलांची मराठी बिघडली म्हणून उसासे टाकत होते.

नात जानेवारीत परत गेली. दोघं आता शनिवारी रात्री, म्हणजे तिच्या सकाळी, फोनवर चित्र लावून खेळतात. बदाम सात तसा खेळता येत नाही, कारण पानं एकाच्याच घरात, म्हणून त्यांनी काहीतरी वेगळाच खेळ काढला आहे ज्याचे नियम मला अजून कळलेले नाहीत. भांडण मात्र ओळखू येतं. त्यातलं निम्मं मराठीत असतं, आणि परवा नातू 'ठेवलीस' म्हणाला.

व्याख्यान लांबलं. एक निरोप तेवढा सांगून थांबते. बाईंची ओसरी आता राहिली नाही, तिथं दुकानं झाली. पण या सभागृहाच्या मागचा व्हरांडा रविवारी सकाळी रिकामा असतो, कार्यकर्त्यांनी तो द्यायचं कबूल केलं आहे. येत्या रविवारी नऊ वाजता मुलांना पाठवा. वही-पेन्सिल नको. घरात जुना पत्त्यांचा जोड असेल तर तो द्या, एखादं पान हरवलं असेल तरी चालेल. आमच्याकडच्या जोडात चौकटची राणी नाही, तिच्या जागी आम्ही लग्नपत्रिकेचा तुकडा लावतो. आणि आजी-आजोबांपैकी ज्यांना झब्बू येतो त्यांनी स्वतः यावं, कारण मला तो नीट येत नाही.